मागचा जिना

"त्या पेढासले हात लावशी तर हात मोडी टाकसू!"

भगवंत ओरडला तसे शेजारच्या खोल्यांमधले टीव्ही बारीक झाले. तसा तो रोज ओरडूनच बोलायचा. अर्धं आयुष्य लूमच्या खात्यात गेलेलं, त्या खटखटाटानं कान गेलेले. मीठ मागायचं तरी भांडण काढल्यासारखं मागायचा. पण आजचं ओरडणं वेगळं आहे, हे लिंबायतच्या त्या अख्ख्या गल्लीला कळलं.

प्रज्ञेशनं डबा सोडला नाही. पाव किलोचा डबा, वर गुलाबी फीत, गाठ अजून तशीच.

"काब्रं नही लावू? पेढा खावासाठीच आनेल शेतस ना?"

"ठेव म्हनं खाले!"

"तुम्ही तर वाटाले गया व्हतात शाळामा. मंग वाटा ना आते. सगळी गल्लीले वाटा. सांगा, आम्हनी पोरनं चित्र फाडं, आम्ही हात जोडीसन वापस उनूत!"

भगवंतचा हात उठला. उठला तो तिथंच राहिला, वाऱ्यावर लटकल्यासारखा. मग त्यानं तो खाली आणून स्वतःच्या मांडीवर आपटला.

कोपऱ्यात प्रज्ञेशची माय, सीता, मांडीवर साडी घेऊन बसली होती. साडीच्या काठावर डायमंड चिकटवायचं काम. नाव डायमंड, असतात काचेचे खडे. तिनं मान वर न करता म्हटलं, "हळू भांडा रे. मना खडा वाकडा बसी ऱ्हायना."

झालं होतं ते असं. शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, शीतलच्या चित्राबाबत पालकांनी येऊन भेटावे. या गल्लीतल्या माणसाला शाळा दोनच कारणांनी बोलावते, फी तुंबली तर नाहीतर बक्षीस लागलं तर. फी भरलेली होती. मग राहिलं काय? भगवंत रात्रपाळी करून आला, झोपला नाही. दाढी केली. जयंतीला घालायचा पांढरा शर्ट काढला, आणि वाटेत मिठाईवाल्याकडे थांबला.

पुढचं शीतलनं सांगितलं. नऊ वर्षांची पोर, पण रडून सांगितलं नाही, पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. आप्पा ऑफिसात गेले. शाळेच्या मुख्य शैलजा मॅडमसमोर आधी डबाच धरला. मॅडम म्हणाल्या, हे कशाबद्दल? आप्पांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, घ्या ना मॅडम, तोंड गोड करा. टेबलामागचे दोघं जण हसले. मग मॅडमनी चित्र पुढं ठेवलं. आप्पा म्हणाले, मस्त काढलंय. आणि मॅडमनी ते मधून फाडलं. तेवढं आप्पांना कानाशिवाय कळलं. त्यानंतर मॅडम जे बोलल्या त्यावर ते हो मॅडम, हो मॅडम एवढंच म्हणत राहिले. हात जोडलेले, आणि डबा जोडलेल्या हातांत.

"सोमवारी प्रार्थनेला स्टेजवर उभं राहायचंय मला," शीतल म्हणाली. "फळ्यावरचं चित्र काढून न्यायचं. आणि माइकवर म्हणायचं, मी खोटं चित्र काढलं, माझी चूक झाली. नाही म्हटलं तर दाखला घरी नेऊन देतील."

"नही म्हनाव ती," प्रज्ञेश बोलला.

"म्हनी!" भगवंत गरजला. "म्हनीच! तुनामायक तिनं बी नाव कमी करू का? तू पोटला उचलस डोकावर. तिले बी उचलाले लावू? चार शब्द म्हनाना शेतस. जीभ काही झिजत नही!"

 प्रज्ञेशकडे उत्तरं भरपूर होती. पण बापाच्या शर्टाला घामानं नीळ उतरली होती, ती त्याला दिसली. तो चवताळून उठला, दारातली बादली लाथेनं उडवली, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

शीतल मागोमाग आली. पिशवीतून चित्राचे दोन तुकडे काढून तिनं ओट्यावर जोडून ठेवले.

शाळेत सुरक्षा सप्ताह चालू होता. चित्राचा विषय, माझी सुरक्षित शाळा. विषय दिला तशीच मॅडमनी फळ्यावर शाळाही काढून दिली होती. झेंडा, लाल सिलिंडर, रांगेत उभी हसरी पोरं. सगळ्यांनी तीच बघून काढायची. रंगसुद्धा सांगितलेले, छत लाल, भिंत पिवळी. शीतलनं काय काढलं होतं? अरुंद जिना. जिन्याच्या पायरीपायरीवर कापडाचे पोटले, छतापर्यंत चढलेले. वर लोखंडी जाळीचा दरवाजा, त्याला कुलूप. जाळीमागं पोरं, नुसती बोटं आणि डोळे. आणि प्रत्येक पोटल्यावर लाल मार्का, गोलात पोपट. तो प्रज्ञेशच्या मालकाचा, धर्मेंद्रसेठचा मार्का. ज्या लाल मार्करनं तो काढला होता तो मार्कर पण प्रज्ञेशनंच गोडाऊनमधून आणून दिलेला.

खालच्या पायरीवर एक पोरगा. डोक्यावर पोटलं, पोटल्याखाली हिरवी चुंबळ.

प्रज्ञेशनं डोक्याला हात लावला. चुंबळ डोक्यावर नव्हती, आत खुंटीला होती. मायच्या जुन्या हिरव्या लुगड्याची.

"हाऊ कोन शे?"

"तू," शीतल म्हणाली.

त्यानं चित्रावर वाकून बघितलं. मग म्हणाला, "नाक वाकडं काढं तू मनं."

"तुनं वाकडंच शे."

ती हसली नाही. तिनं बाही वर केली. कोपराच्या वर जाळीच्या पट्ट्यांचे चौकोन उमटलेले होते, काळेनिळे. चार दिवसांपूर्वी वर्गातला पंखा जळाला होता. नुसताच धूर. टीचर ओरडल्या, बाहेर पळा. बाहेर म्हणजे जवळचा रस्ता मागचा जिना, पोरं तिकडंच पळाली. जाळीला कुलूप. मागून पोरांवर पोरं. शीतल सगळ्यांत पुढं होती. थोड्या वेळानं कुणीतरी मेन स्विच बंद केला, धूर गेला. मॅडम येऊन म्हणाल्या, काही झालेलं नाहीये, घरी जाऊन उगाच सांगत बसायचं नाही.

"घर काब्रं नही सांगं?"

"मॅडम नही म्हनन्यात ना," शीतल म्हणाली. "म्हणून तर काढलं."

प्रज्ञेशला तो दिवस आठवला. तो तेव्हा त्याच जिन्याच्या तळाशी होता. वर गलका झाला तेव्हा त्याला वाटलं, पोरं मधल्या सुट्टीत माजलीत. त्यानं पोटलं खाली ठेवलंसुद्धा नव्हतं.

*

शनिवारी तो कामावर गेला तो डोकं फिरवूनच.

बिल्डिंग धर्मेंद्रसेठची. तळाला आणि पहिल्या माळ्यावर साड्यांचं गोडाऊन, वरच्या दोन माळ्यांवर शाळा. सेठ शाळेचा ट्रस्टी पण होता. पुढचा जिना रुंद, फरशीचा, त्याला स्टीलचा कठडा. मागचा जिना गल्लीत उतरणारा. लग्नसराईचा सीजन चढला, पर्वत पाटियाच्या मार्केटमधून माल येतच राहिला, गोडाऊन भरलं, तसं सेठ गुजरातीत म्हणाला, पाछळना दादर पर मूकी दे, चार दिवसनी वात. दादर म्हणजे जिना, मूकी दे म्हणजे ठेव. ते चार दिवस दिवाळीआधी सुरू झाले ते अजून संपले नव्हते. एकेक पोटलं प्रज्ञेशनंच चढवलं होतं. मान आखडायची, कवटीत मुंग्या यायच्या, पायरीचा अंदाज पायाच्या बोटांनी घ्यायचा. त्याला त्याचा रुबाब पण होता. मार्केटमधले बाप्ये थकायचे, हा सोळा वर्षांचा पोरगा थकत नाही.

याच शाळेतून तो नववीत बाहेर पडला होता. विज्ञान प्रदर्शनात त्यानं मोडक्या बॉबिन, पुठ्ठ्याचे कोन आणि सायकलच्या ट्यूबचं रबर घेऊन हातभर लूम केला होता. चालायचा तो. दोन बोटं रुंद पट्टी विणून निघायची. सर म्हणाले, हा कचरा काय आणलास, स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो तो आण. पहिला नंबर दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळाला. प्रज्ञेशनं त्या ज्वालामुखीला अशी लाथ घातली की तो खरंच फुटल्यासारखा दिसला. मग दप्तर उचललं, ते परत त्या दारात नेलं नाही. लूम शाळेतच राहिला. कुठं फेकला कोण जाणे.

सेठ गादीवर बसून खमण खात होता.

"सेठ, मागच्या जिन्यावरचे पोटले काढून घेऊ का?"

"क्यां राखवाना? तारा घरे?"

मुनीम हसला. प्रज्ञेश हसला नाही.

"वर पोरं असतात. त्या दिवशी पंखा जळला तर..."

"अरे, तू ट्रस्टी क्यारथी थई गयो?" सेठनं बोटं पुसली. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "दीकरा, सीजन आहे. तू तुझं काम कर, मॅडम तिचं काम करते. पेली चितर काढनारी तुझी बेन ना? मार्का सरस काढला हां. मोटी झाली की डिझाइनमां लगाडी दईश." मग त्यानं कोपऱ्याकडे मान केली. तिथं गुंडाळलेला फ्लेक्स उभा होता. "सोमवारे सवारे साहेब लोक येणार तपासायला. ते पुढच्या जिन्यानं चढणार. पण पाछळ नजर गई तो खराब दिसतं. ए बॅनर जाळी पर बांधी दे."

फ्लेक्स खांद्यावर टाकून तो पोटल्यांच्या कडेनं अंग चोरत वर चढला. भिंत आणि माल यांच्यात एक माणूस तिरपा जाईल एवढीच जागा. ती पण त्यानंच ठेवलेली, स्वतःला उतरता यावं म्हणून.

शनिवार असून वर्ग भरलेला होता. पोरं मोठ्यानं घोकत होती, आग लागल्यास घाबरून जाऊ नये, रांगेत बाहेर पडावे. आग लागल्यास घाबरून जाऊ नये. जाळीतून एका बारक्यानं बोट बाहेर काढलं.

"ए पोटलावाला, चिंगम आन ना रे."

"पुढं पाहून म्हन, मार खाशी."

"तू चित्रमधला शे ना?"

प्रज्ञेशनं फ्लेक्स उलगडला. वर लिहिलेलं होतं, सुरक्षित बाळ, सुरक्षित भविष्य. खाली एक गोरंगोमटं पोर फुगा धरून हसत होतं. असलं पोर अख्ख्या लिंबायतमध्ये शोधून सापडलं नसतं. त्यानं एका कोपऱ्याला तार बांधली. दुसऱ्या कोपऱ्याला बांधली. सेठ खालून गल्लीतून मान वर करून बघत उभा होता, "खेंच, खेंच, सळ पडे छे!" आणि प्रज्ञेशचे हात खेचत होते. डोकं नाही म्हणत होतं, आणि हात कामाला लागलेल्या बैलासारखे आपले पुढं जात होते. बारक्याचं बोट फ्लेक्सच्या मागं गेलं. मग फ्लेक्सला आतून एक टोक आलं. बोट अजून तिथंच होतं.

"प्रज्ञेश ना तू?"

शैलजा मॅडम. जाळीच्या आतून, फ्लेक्सची कडा बाजूला करून बघत होत्या. नाशिककडच्या बाई, नीट प्लेट केलेली सुती साडी, बोलणं असं की प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातलेलं.

"वडिलांना सांग, शीतलला सोमवारी वेळेवर पाठवा. तुझ्यासारखी तिची गत होऊ नये, म्हणूनच करतेय मी हे. हुशार मुलगी आहे."

"तिनं खोटं काय काढलं, मॅडम?"

"आवाज खाली."

"काय खोटं काढलं? हे कुलूप आहे ना? हे पोटले आहेत ना? हे मी इथं उभा आहे ना!"

मॅडमनी मागं वळून वर्गाकडे बघितलं. मग जाळीला चेहरा लावून हळू बोलल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचं मराठी जरा चुरगळलं. "तुला वाटतं मला दिसत नाही? दोनदा बोलले मी सेठना. दोनदा. बिल्डिंग त्यांची आहे. उद्या म्हणाले शाळा उचला, तर एवढी पोरं मी कुठं नेऊन बसवू? तुझ्या गल्लीत?"

"मग फाडलं कशाला?"

"कारण ते सोमवारी साहेबांपुढं भिंतीवर लागलं असतं."

"आणि कुलूप? ते पण सेठनं लावलं?"

"ते मी लावलंय," मॅडम म्हणाल्या. "मुलं मधल्या सुट्टीत पळून जायची, बर्फगोळे खायला, पतंगी पकडायला. एखादं गाडीखाली आलं असतं म्हणजे? पालकांनीच सांगितलं मला, कोंडून ठेवा. तुझ्या वडिलांनी पण."

फ्लेक्सची कडा सुटली. हसरं पोर परत सपाट झालं. प्रज्ञेशनं तिसरा कोपरा बांधला, चौथा बांधला, आणि खाली उतरताना पोपटाच्या मार्क्यावर थुंकला. थुंकी त्याच्याच पोटल्यावर पडली, आणि ते पोटलं दुपारी त्यालाच पुसावं लागलं, कारण मुनीमनं बघितलं होतं.

*

रविवारी शीतल फळ्यावरचं चित्र काढायला बसली.

पट्टी घेऊन काढत होती. कधी पट्टीला हात न लावणारी पोर. भिंत पिवळी केली, छत लाल केलं. झेंडा काढला. पोरांच्या रांगेपाशी येऊन थांबली.

"भाऊ, हसतं तोंड कसं काढतंस?"

"तुले येत नही?"

"येतं. पण सगळ्यांचं सारखं नही येत."

"वाटी उलटी नही, सुलटी काढ. मंग सगळा हसतस."

तिनं एकेक वाटी काढली. मग पेन्सिल ठेवून भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटायला लागली, मी खोटं चित्र काढलं, माझी चूक झाली, मी परत असं. तिथं दर वेळी अडायची. परत पहिल्यापासून. भगवंत खाटेवर पडून होता. ऐकू येत नसलेला माणूस, पण तिच्या हलणाऱ्या ओठांवर त्याची नजर खिळलेली होती.

"असं जोरमा म्हन!" तो ओरडला. "माइकवर ऐकू येवाले पाहिजे!"

"तुम्हीच म्हना मंग," प्रज्ञेश बोलला. "तुम्हना आवाज मोठा शे."

"म्हनसू! मी म्हनसू तर चाली का त्यासले? इचारी ये!" भगवंत उठून बसला. डोळे लाल, झोप नाही. "तुले वाटस मी घाबरी गऊ. हा, घाबरी गऊ! मना बापले शाळाना ओटावर बी कोनी बसू दिधं नही. मी सातवीमा शाळा सोडी. तू नववीमा. ही पोर तरी वर जाई! तेन्हासाठी हात जोडा मी, पाय बी धरसू, तुना बापनं काय जास?"

"वर जाई नि वरथून खाले कशी येई?" प्रज्ञेश म्हणाला. तो ओरडला नाही. बापाच्या कानाजवळ तोंड नेऊन नीट बोलला. "जाळीले कुलूप शे, आप्पा. तिना हात पाहा."

भगवंतनं हात बघितला. हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मॅडमनी सांगितलंही नव्हतं. जाळीच्या खुणांवरून त्यानं अंगठा फिरवला, बीमवर तुटलेला धागा शोधावा तसा. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला. कोंडून ठेवा, असं मॅडमला तोच म्हणाला होता, हे त्याला आठवलं की नाही कळायला मार्ग नव्हता.

सीतानं इतक्या वेळात एक साडी संपवली होती. तिनं हात पुसले, चित्राचे ते दोन तुकडे मागून घेतले, आणि साडीचा गोंद लावून मागून पट्टी मारली. मग चिमट्यानं एक डायमंड उचलला आणि जाळीच्या कुलपावर बसवला. दाबून धरला. चित्रातलं कुलूप लखलखायला लागलं.

"आते दिसनं," ती म्हणाली आणि पुढची साडी ओढली.

*

सोमवारी फटफटलं तेव्हा प्रज्ञेश मागच्या जिन्याशी होता. चुंबळ डोक्यावर, पोटलं ओढायचा आकडा हातात.

पहिलं पोटलं उतरवलं आणि गल्लीत उभा राहिला. आता हे ठेवायचं कुठं? रस्त्यावर टाकलं तर गाई तोंड घालणार, माल खराब झाला तर चोरी त्याच्या माथी. सेठचा प्रश्न बरोबरच होता, क्यां राखवाना. आणि मग त्याला उत्तर सापडलं. तो बिल्डिंगला वळसा घालून पुढं गेला आणि पोटलं पुढच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं. फरशीच्या, स्टीलच्या कठड्याच्या. दुसरं त्याच्यावर. तिसरं शेजारी. मार्का बाहेरच्या बाजूला येईल असं, सेठनंच शिकवल्याप्रमाणे.

मान आखडली. घाम डोळ्यांत गेला. मागून पुढं, मागून पुढं. मागचा जिना एकेक पायरीनं मोकळा होत वर चालला आणि पुढचा एकेक पायरीनं भरत.

शिपाई निंबाकाका झाडू घेऊन आला आणि बघतच राहिला. पारोळ्याकडचा म्हातारा, अंगावर शाळेचा खाकी शर्ट.

"काय करी ऱ्हायना रे? येडा व्हयना का? आज साहेब येवाव शेतस!"

"म्हनीसनच. जाळीनी किल्ली दे, काका."

"किल्ली मॅडमना पर्समा ऱ्हास."

"नि दगड कोना पर्समा ऱ्हास?"

 निंबाकाकानं इकडंतिकडं बघितलं. "मी काही पाहेल नही," तो म्हणाला. "मना नातू बी तठेच शे, दुसरीमा." आणि झाडू टेकवून खाली गेला. परत आला तेव्हा हातात वरवंटा होता, बालवाडीच्या खिचडीचं वाटण वाटायचा.

कुलूप गंजलेलं होतं. तिसऱ्या घावाला सुटलं. जाळी मात्र हलेना, इतके महिने बंद असलेली. दोघांनी खांदा लावला तेव्हा ती अशी किंचाळली की समोरच्या चाळीतल्या बाया बाहेर आल्या. प्रज्ञेशनं फ्लेक्सच्या तारा तोडल्या. हसरं पोर फुग्यासकट खाली गल्लीत गेलं.

पोरं यायला लागली. पुढं आली, जिना भरलेला बघितला, आणि कुणी सांगायच्या आत मागं पळाली. पोरांना रस्ता सांगावा लागत नाही. मागच्या जिन्यानं अशी भसाभस चढली, कठड्यावर हात घासत, पायऱ्या गाळत, उगाच परत खाली येऊन परत चढत. तो चिंगमवाला बारका मोकळ्या जाळीला लोंबकळून झोके घ्यायला लागला. निंबाकाका त्याला ओरडत होता आणि ओरडताना हसत होता.

शीतल आली. एका हातात पट्टीनं काढलेलं पिवळं चित्र, दप्तरात दुसरं. ती पायरीवर थांबली, वरपर्यंत बघितलं, आणि भावाच्या तोंडाकडे बघितलं.

"नाक खरंच वाकडं शे," ती म्हणाली आणि चढली.

मग सगळं एकदम आलं. पांढरी गाडी आली, तिच्यातून फाईलवाले दोन साहेब उतरले. शैलजा मॅडम रिक्षातून उतरल्या. धर्मेंद्रसेठ फुलांचा बुके घेऊन आला आणि पुढच्या जिन्यासमोर बुकेसकट थिजला. पहिल्या पायरीपासून वरच्या वळणापर्यंत पोपटच पोपट.

"हे काय आहे?" मोठे साहेब म्हणाले. "वर जायचं कसं?"

 प्रज्ञेश बोलणार होता, पण मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मग गल्लीकडे.  "मागून," त्या म्हणाल्या. "मागून रस्ता आहे, साहेब. या." आणि पदर खोचून स्वतः पुढं झाल्या.

साहेब लोक वळले तसा सेठचा बुके खाली आला. "साला हरामी! कोणे कीधुं तने?" त्यानं मोबाइल कानाला लावला. "बे माणस मोकल. जलदी. अने पोलीसवाळाने पण कहे, चोरीनो माल छे!"

त्याच वेळी भगवंत आला. रात्रपाळीवरून सरळ, डोक्यात, भुवयांवर, मिशीत कापडाचा भुसा. घरी न जाता आला होता. सोमवारी पोरगी स्टेजवर उभी राहणार ते बघायला, का आणखी कशाला, त्यालाच माहीत. त्यानं भरलेला जिना बघितला. प्रज्ञेशचं घामानं निथळलेलं अंग बघितलं.

"भगवंत!" सेठ धावला. "तारा छोकराने समजाव! आत्ताच्या आत्ता हे सगळं काढ, नायतर बेऊने अंदर करावी दईश!"

भगवंतनं कानाला हात लावला.

"काय?"

"पोटला काढ! पोटला!"

"ऐकू नाही येत, सेठ." भगवंतनं मान हलवली. हात जोडले नाहीत. "मशीनचा आवाज फार आहे."

तिथं कुठलं मशीन नव्हतं. सेठ त्याच्या कानाशी तोंड नेऊन परत ओरडला. भगवंतनं दुसरा कान पुढं केला. "काय म्हणता? जोरमा बोला. माइकवर बोला." गल्लीतल्या बाया हसायला लागल्या. सेठ घसा फाडून ओरडत होता आणि भगवंत भिंतीसारखा, त्याच्या आणि पोराच्या मधोमध उभा. पाठमोऱ्याच त्यानं एक हात मागं हलवला. जा, असा.

नाक्यावर मोटरसायकल वळली. सेठनं बोलावलेले मार्केटचे दोघं, ओळखीचे, हातात पाइप. वर खिडकीत शीतलचं तोंड दिसलं, आणि तिनं काचेला आतून चित्र लावून धरलं होतं. पिवळं नव्हे. कुलपावर ऊन पडून चमकत होतं.

"भाऊ!" ती ओरडली. "कोठे जास?"

खरं कुलूप त्याच्या खिशात होतं. मांडीला टोचत होतं.

"चित्र सोडू नको!" त्यानं चुंबळ काढून कमरेला खोचली. "मी जास, शीतल. माले आते निंघानं शे."